निमोची मादी दुकानात घडवत नाहीत

सांगली-मिरजेत घरी माशांची टाकी असलेल्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: निमो हा मासा बंद टाकीच्या ताणाने नराची मादी होतो, ही विकृती आहे; दुकानदार पाण्यात हार्मोन टाकून हे घडवतात; कुठलाही मासा लिंग बदलतो, तेही हवं तितक्या वेळा; म्हणून जोडी हवी तर कुठलेही दोन मोठे निमो आणा, एक आपोआप नर होईल. चारही विधानं चूक आहेत, आणि शेवटचं तर माशाच्या जिवावर उठणारं आहे.

आधी ताण आणि विकृती. निमो, म्हणजे क्लाउनफिश, खुल्या समुद्रातही हेच करतो. अ‍ॅनिमोन म्हणजे तळाला चिकटून राहणारा, डंख मारणाऱ्या शुंडांचा समुद्री जीव; त्याच्या आसऱ्याने निमो राहतात. एका अ‍ॅनिमोनवर यांची उतरंड असते. सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखाल तिचा नर, आणि त्याखाली अजून ना नर ना मादी असे लहान मासे. मादी मेली की नराची मादी होते आणि लहानांतला सगळ्यात मोठा नराची जागा घेतो. फ्रिके या संशोधकांनी हे 1977 साली शोधनिबंधात मांडलं. कारणही सरळ आहे. अ‍ॅनिमोन सोडून जोडीदार शोधत फिरणारा एवढासा मासा लगेच कुणाचा तरी घास होतो, आणि मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. म्हणून जागेवरच, जो मोठा त्यानेच मादी व्हायचं. कोकणात आपण चवीने खातो तो जिताडासुद्धा आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे वाढला की मादी होतो. त्याची घडणच तशी आहे.

आता हार्मोन. माशाच्या शरीरात हार्मोन बदलतात हे खरंच आहे, पण ते कुणी पाण्यात ओतत नाही. वरचा मासा नाहीसा झाला, हे कळण्यापासून सगळं सुरू होतं. क्लीनर रास, म्हणजे दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारा छोटा मासा, त्यात उलटा क्रम असतो, तिथे मादीचा नर होतो. संशोधक डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हे पाहून 1972 साली नोंदवलं: कळपातला नर गेला की काही तासांतच सगळ्यात वरची मादी नरासारखी वागू लागते, आणि साधारण 14 ते 18 दिवसांत तिच्यात शुक्राणू तयार झालेले असतात. हे खुल्या समुद्रात घडलं. मेसेजचा धागा बहुधा तिलापियाचा असावा. मत्स्यशेतीत सगळे नर मिळावेत म्हणून त्याच्या पिल्लांना खाद्यातून हार्मोन देतात, पण ते लिंग ठरण्याआधीच्या वयात. निमोच्या दुकानदाराला तसलं काही करायची गरजच पडत नाही.

कुठलाही मासा? नाही. गप्पी, फायटर, गोल्डफिश असे लिंग बदलत नाहीत. जगातल्या तीस हजारांहून जास्त जातींपैकी नर-मादी दोन्ही होऊ शकणाऱ्या जाती पाचशेच्या आसपास आहेत. प्रवाळावरचे गोबी नावाचे काही छोटे मासे दोन्ही दिशांनी बदलतात, पण निमो नाही. एकदा मादी झाली की ती परत नर होत नाही.

आणि म्हणूनच तो शेवटचा सल्ला घातक आहे. दोन मोठे निमो म्हणजे बहुतेक वेळा दोन माद्या. विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या घरी असे दोन एकत्र सोडलेले मी पाहिले. एक हीटरच्या मागे कोपऱ्यात दबून होता, शेपटीच्या चिंध्या झालेल्या, आणि बाहेर डोकावला की दुसरी धावून यायची. जमणारी जोडी वेगळी दिसते. मोठी जवळ आली की लहान अंग तिरकं करतो आणि थरथरतो. ही त्याची शरणागती, आणि मोठी ती मानते.

जोडी हवी असेल तर दोन लहान निमो आणा, एक जरा मोठा, एक जरा छोटा. बाकी ते आपापसात ठरवतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. मोठी मादी आधीच असेल तर तिच्यासोबत अगदी लहान मासा सोडा, आणि पहिले काही दिवस त्याला टाकीतच भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवा. मेसेज वाचून दोन मोठे आणलेच असतील, तर त्यांना आजच वेगळं करा.