वही सुंदर, पण कोणाची?

गेल्या वर्षी माझ्या लेकाची पाचवीची वही बघून घरातले सगळे खूश होते. अक्षर वळणदार, बेरजा बरोबर, पानोपानी बाईंच्या लाल खुणा. फक्त ते अक्षर त्याचं नव्हतं. शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं.

बाईंनी तिला सांगितलेलं, "तू हुशार आहेस ना, मग ह्याला जरा सांभाळून घे." ती बिचारी सांभाळून घेत होती. स्वतःचं लिहून झालं की ह्याचंही लिहायची. हा शेजारी बसून पेन्सिलीला टोक करायचा.

मला कळलं ते आमच्या नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात. मेथीची जुडी 20 रुपयांना, त्याच्या हातात 50 ची नोट. "परत किती घ्यायचे?" म्हटलं, तर हा माझ्या तोंडाकडे बघत उभा. कोणीतरी सांगेलच! बौद्धिक अक्षमता त्याला जन्मापासून आहे, ही सवय मात्र आपण सगळ्यांनी लावलेली.

त्या मुलीचा राग आला नाही. शिकवायचं कसं, हे तिला तरी कोणी शिकवलं होतं? मग त्याच्या विशेष शिक्षिका ताईंनी एका शनिवारी दोघांना आमच्या घरी एकत्र बसवलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. प्रश्न विचारला की गप्प बसायचं, मनात पाच मोजायचे. नाही जमलं तर बोटाने खूण. तरीही अडला तर पहिला आकडा सांगायचा. त्याच्या वहीला हात लावायचा नाही. "काकू, पण तो चुकला तर?" चुकू दे, म्हटलं. हेच तिला सगळ्यात जड गेलं. हुशार मुलांना शेजारच्याची चूक बघवत नाही.

नाशिकला हा विषय नवा नाही. रजनीताई लिमयेंनी 1977 मध्ये इथे प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, ती अशाच मुलांसाठी. पुढे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने नेहमीच्या शाळेतही सगळ्यांसोबत शिकायची वाट मोकळी केली. पण बाकावर शेजारी बसलेल्याने नेमकं काय करायचं, ते कायद्यात कुठून येणार?

"आमच्या मुलीचा अभ्यास बुडतो," अशी तिच्या आईची कुरकुर होती. मला ती पटते. वर्षभर एकाच पोरीवर भार टाकणं चूकच. (आणि हे सांभाळणं दर वेळी मुलींच्याच वाट्याला का येतं, कोणी सांगेल का?) अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांमध्ये 1980 च्या दशकात अख्ख्या वर्गाच्या जोड्या लावायचे. दहा मिनिटं एकाने शिकवायचं, पुढची दहा दुसऱ्याने. कायमचा मास्तर कोणीच नाही.

मला ती पुढची दहा मिनिटं हवी आहेत. तू काय शिकवशील, असं आमच्या लेकाला कोणी कधी विचारलंच नव्हतं. सध्या तो सोसायटीतल्या एका पहिलीतल्या मुलाला नाणी ओळखायला शिकवतो. शिकवताना ओरडतो, थेट त्याच्या सरांसारखा, ते सुधारायचंय. पण शिकवायचं म्हणून आधी स्वतः आत जाऊन दोनदा मोजून येतो.

जूनपासून बाकावर नवा मुलगा आलाय. गुणी आहे, पण भारी घाईचा. पाच मोज म्हटलं की दोन सेकंदांत मोजून मोकळा होतो आणि उत्तर सांगून टाकतो. रविवारी घरी बोलावलंय त्याला. आधी मिसळ खाऊ घालते, मग पाच कसे मोजायचे ते बघू.