हम करे सो कायदा

गिटार आली, तीन कॉर्ड जमतात, आता अँप्लिफायर घरीच बनवायचा म्हणता? उत्तम. आपल्या बेळगावचा खडे बाजार पालथा घाला. टोन कंट्रोलची बटणं, खोक्याचं रेक्झीन, पुढची जाळी यांवर आठवडाभर खल करा. पॉवर सप्लायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कंडेन्सर. त्यात चुकायला आहे काय?

ट्रान्सफॉर्मर 12-0-12 चा घ्या. मधली वायर शून्याची, आणि शून्याला कोण विचारतं? तिला टेप गुंडाळून कोपऱ्यात बसवा, कडेच्या दोन वायरी चार डायोडच्या ब्रिजला जोडा. झाले 24 व्होल्ट. कंडेन्सर 25 व्होल्ट सोसणारा आणा, एक व्होल्ट वरकड राहतोच की. एसीचे 24 हे आरएमएस, म्हणजे सरासरीवजा माप, शिखर त्याच्या 1.414 पट, म्हणजे डायोडचे दीडेक व्होल्ट वजा जाऊनही 32 उरतात, हा हिशेब डिप्लोमावाल्यांना करू द्या.

मी हा विधी शहापुरातल्या आमच्या माडीवर एका पावसाळी संध्याकाळी यथासांग केला आहे. थोडा वेळ स्वर्गीय शांतता. मग कंडेन्सरच्या डोक्यावर जी फुलीसारखी खाच असते ना, ती तव्यावरच्या पोळीसारखी हळूच फुगली आणि फट्ट! भिंतीवर कागदाचा ओला लगदा, खोलीभर आंबूस वास. खालून आई, "काय जाळलास रे?" "काय नाही गं, टेस्टिंग करालोय."

सिरीज बल्बच्या नादी तर लागूच नका. 100 वॅटचा जुना, तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीज टाकला की आत शॉर्ट असल्यास तो भक्कन पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. एवढ्या स्वस्तात चूक कळली तर पुन्हा बाजारात जायचं निमित्त कुठून आणणार? फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहेच.

एवढ्यातून वाचलात की हम, म्हणजे स्पीकरमधली घूंऽऽ, सुरू होईल. घाबरू नका. कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी इथून जवळच, आपल्या कानांना तंबोऱ्याची सवय आहे. आपली लाइन 50 हर्ट्झची, ब्रिजनंतर लहर होते 100 ची, आणि गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी असतो 98 चा. म्हणजे किंचित बेसूर षड्ज, तोही फुकटात! 4700 मायक्रोफॅरडच्या जागी 470 चा कंडेन्सर लावलात तर तो आणखी खुलतो. फक्त व्हॉल्यूम शून्यावर नेऊन पाहू नका. तरीही हम राहिला तर संशय सप्लायवर, गेला तर गिटार, केबल नाहीतर प्रीअँपवर (अँपच्या पहिल्या टप्प्यावर), असा उगाच उलगडा होतो आणि रात्रभर सोल्डरचे सगळेच डाग पुन्हा देण्याचा आनंद हुकतो.

शेवटचा उपाय अर्थच्या पिनचा. दोन वेगळ्या सॉकेटांच्या अर्थमध्ये लूप झाला की हम येतो. हा सीमावादच. आपला 1956 पासून मिटलेला नाही, पण हा पकडीने एका मिनिटात मिटतो: प्लगची जाड पिन कापून टाका. अर्थ नसलेलं संगीत हल्ली चालतंच. पुढे कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, की 230 व्होल्ट चेसिसवर, म्हणजे अँपच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, तिथून केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांवर, तारांवरून तुमच्या बोटांत. ओठाला दुसऱ्या, अर्थ केलेल्या सिस्टिमचा लोखंडी माईक टेकलेला असला म्हणजे झालंच, सर्किट पुरं.

तेव्हा पहिला कार्यक्रम गल्लीतल्या गणपतीपुढेच ठेवा. वायर मंडपाच्याच बोर्डातून ओढा. पहिली कॉर्ड वाजेल, मंडपातलं लाइटिंग जाईल, अंधारात समोरच्या माडीवरून अक्का कानडीत ओरडतील, "करंट होय्तु!" आणि पोरं खांबाकडे न बघता सरळ तुमच्याकडे बघतील.