पुराखाली जमीन मरत नाही

कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आमच्या सांगलीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. शेतात आठ दिवस पाणी साचलं की हवा तुटते, जिवाणू गुदमरतात, उरलेसुरले उपाशी मरतात. नंतर ऊस पिवळा पडतो तोच जमीन मेल्याचा पुरावा. तेव्हा जिवाणू विकत आणून ओता. २०१९ ला आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलेलं पाणी ज्यानं पाहिलंय, त्याला हे पटूनही जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हवा तुटली की जिवाणू गुदमरतात.’ उसाचं मूळ गुदमरतं. मातीतले कितीतरी जिवाणू मात्र नाही. खाल्लेल्या अन्नातले इलेक्ट्रॉन कुणाला तरी देऊन टाकणं, हा त्यांचा श्वास. ऑक्सिजन असेपर्यंत तोच हे इलेक्ट्रॉन घेतो. साचलेल्या पाण्याखाली तो एक-दोन दिवसांत संपतो. मग नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशी पाळी लागते आणि शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव. चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या रानातला काळा चिखल आणि सडक्या अंड्याचा वास ही सल्फेटवर जगणाऱ्यांची खूण आहे. शिराळ्याकडची भाताची खाचरं तर पावसाळाभर पाण्यातच असतात.

‘उरलेले उपाशी मरतात.’ काही मरतात, हे खरं. ग्लुकोजच्या एका रेणूतून ऑक्सिजनवर सुमारे ३० एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळतात, नुसत्या किण्वनातून, म्हणजे हवेविना अन्न अर्धवट मोडून, बहुधा दोनच. पण इथेच त्यांची चिवट काटकसर दिसते. विभाजन थांबतं. साठवलेलं ग्लायकोजेन वापरलं जातं, मग प्रथिनं बनवणारे स्वतःचेच रायबोसोम मोडून खाल्ले जातात. मेलेल्या शेजाऱ्याच्या पेशीवरही गुजराण होते. एक खर्च मात्र टाळता येत नाही: पेशीच्या पटलावरचा विजेचा भार टिकवणं. एरवी धन भाराचे प्रोटॉन आत येताना जे यंत्र एटीपी बनवतं, तेच मग उलटं फिरतं आणि एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतं. बॅसिलससारखे तर बीजाणू करून सगळा कारभारच बंद ठेवतात, सोय झाली की परत उठतात.

‘पिवळा ऊस हाच पुरावा.’ पुरावा आहे, पण उलटा. हवेविना मुळं नत्र उचलत नाहीत, आणि जे नायट्रेट मातीत होतं ते जिवाणूंनी श्वासासाठी वापरून नायट्रोजन वायूच्या रूपात उडवून दिलं. मेलेल्या जमिनीला हे जमलं नसतं.

‘जिवाणू विकत आणून ओता.’ ॲझोटोबॅक्टरसारखे हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशी पुरात घटतात, त्यामुळे कल्चर, म्हणजे हे विकतचे जिवाणू, देण्यात चूक नाही. पण चिखलात ओतलेलं कल्चर वाया जातं, कारण त्याला लागणारी हवाच तिथे नसते. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, वापसा (मातीत हवा खेळेल इतपतच ओल) येऊ द्या, मग उडालेल्या नत्राची भरपाई हप्त्याहप्त्यानं करा. कल्चर त्यानंतर.