इंडोनेशियाचा झेंडा उलटा लावला की पोलंड होतो

सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होऊन तुम्हाला वर्ष झालं, पीएचडीची पदवी फ्रेममध्ये गेली, आणि परवाच्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी तुमच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "इंटरनॅशनल कोलॅबोरेशनचं आपले तरुण सर बघतील." अभिनंदन! ज्या कामाला कुणीच हात लावत नाही ते आपल्याकडे तरुणांच्या उत्साहावर विश्वास ठेवून त्यांना दिलं जातं. आधी निवडणुकीची ड्युटी, मग एनएसएसचं शिबिर, मग आंतरराष्ट्रीय संशोधन. मी या तिन्हीतून गेलोय. माझा विषय इतिहास, मुक्काम कोल्हापूर परिसर आणि वाट्याला आलेला देश पोलंड. त्या अधिकारात चार गोष्टी सांगतो.

आधी झेंड्याचं बघा. संशोधनाचा विषय नंतर सुचेल, पण करारावर सह्या होताना टेबलावर दोन छोटे झेंडे हवेतच, नाहीतर फोटो गावातल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेसारखा दिसतो. आमच्याकडे ऐन वेळी पोलंडचा झेंडा मिळेना. मात्र मागच्या वर्षी एका इंडोनेशियन विद्यापीठाशी करार झाला होता, त्याचा झेंडा कपाटात होता. (त्या कराराचं पुढे काय झालं विचारू नका. झेंडा आला, हेच फलित.) इंडोनेशियाचा वर लाल, खाली पांढरा, पोलंडचा वर पांढरा, खाली लाल. आमच्या शिपाईमामांनी तो काठीवर उलटा बांधला आणि दोन मिनिटांत आग्नेय आशियातून मध्य युरोपात आलो. उद्या मोनाकोशी करार करायची वेळ आली तर तोच परत सरळ करायचा. एका झेंड्यात तीन देश बसतात, हे खरेदी समितीला जरूर कळवा.

आता परदेशी प्राध्यापक शोधायचे. त्यासाठी ईमेल. 200 पत्ते गोळा करा, सगळ्यांना एकदम पाठवा, विषयाच्या ओळीत 'अर्जंट' लिहा. सुरुवात 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे'ने आणि शेवट 'काइंडली डू द नीडफुल'ने. 14 एमबीचा बायोडेटा जोडा, त्यात शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा असू द्या. समोरच्याचं संशोधन वाचायच्या भानगडीत पडू नका. ते वाचलं की आपल्याला नेमकं काय विचारायचंय हे सुचायला लागतं, आणि मग एका पत्रालाच आठवडा जातो.

हे कसं करू नये याचं एक जुनं उदाहरण आहे. 1924 च्या जूनमध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस नावाच्या, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या 30 वर्षांच्या रीडरने (म्हणजे प्रपाठकाने) थेट आइन्स्टाइनला पत्र घातलं. ओळखदेख नाही. सोबत चार पानांचा लेख, आणि तो योग्य वाटला तर जर्मन नियतकालिकात छापायची व्यवस्था करा अशी विनंती. वर, अनोळखी असूनही संकोच वाटत नाही कारण आम्ही सगळे तुमचेच विद्यार्थी, अशी मखलाशी. आता या माणसाच्या चुका मोजा. पत्र एकालाच. विभागप्रमुखांमार्फत नाही. ना-हरकत प्रमाणपत्र नाही. आणि आइन्स्टाइनच्या लेखांचं इंग्रजी भाषांतर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या सोबतीने आधीच करून झालेलं, म्हणजे समोरच्याचं काम वाचण्याचा दोषही होताच. आइन्स्टाइनने लेख स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि छापवून घेतला. पुढे त्यांचं एक पोस्टकार्ड दाखवल्यावर ढाका विद्यापीठाने बोसना दोन वर्षांची रजा दिली आणि जर्मन वकिलातीने फी न घेता व्हिसा दिला. एका कार्डावर! बाकी कागदपत्रांचं काय झालं, सत्यप्रती कुणी जोडल्या, याचा उल्लेख कुठे सापडत नाही.

तुम्ही असल्या नादी न लागता सरळ सामंजस्य करार करा. त्याचा मसुदा तयारच असतो. मागच्या करारातलं विद्यापीठाचं नाव बदलायचं. (सगळीकडे बदला. आमच्या पाचव्या कलमात जकार्ता राहून गेलं होतं.) संशोधन, प्राध्यापकांची देवाणघेवाण, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, संयुक्त प्रकाशनं असं सगळं त्यात असतं, आणि सगळ्यांत शेवटी या साहित्यप्रकारातलं सर्वांगसुंदर वाक्य येतं: या करारामुळे दोन्ही संस्थांवर कोणताही आर्थिक बोजा पडणार नाही. माझ्या माहितीत हे एकच कलम असं आहे की जे दोन्ही बाजूंनी पाच वर्षं तंतोतंत पाळलं जातं.

करार नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी लागतो. तिसऱ्या निकषात 'कार्यरत' करार किती असं विचारतात. कार्यरत हा शब्द घालणारा माणूस नक्कीच कधीतरी गावाकडच्या कॉलेजात राहून गेला असणार. तरी उपाय आहे. वर्षातून एकदा तिकडच्या कुणाला तरी ऑनलाइन बोलवा. हिवाळ्यात पोलंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, त्यामुळे एकदा तरी पाहुणे तासभर आधी किंवा उशिरा येतीलच; त्या तासात प्राचार्यांचं मनोगत बसवा. व्याख्यान चालू असताना स्क्रीनशॉट घ्या. पाहुण्यांचे डोळे मिटलेले असले तरी चालतात, बॅनर मात्र पूर्ण दिसला पाहिजे. शेवटी गुगल फॉर्म. 'व्याख्यान कसे वाटले?' या प्रश्नाला 140 विद्यार्थी 'नाइस' असं उत्तर देतात आणि करार कार्यरत होतो.

तुमच्या स्वतःच्या बढतीचं गणित वेगळं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर 7 गुण, देशातल्या राष्ट्रीय परिषदेत 3. या दोहोंच्या मधोमध आपल्या व्यवस्थेने एक अपूर्व भूप्रदेश निर्माण केलाय: 'आंतरराष्ट्रीय, देशांतर्गत'. 5 गुण. पासपोर्ट लागत नाही, जेवणात गुलाबजाम असतो. परिषद आंतरराष्ट्रीय ठरायला एक परदेशस्थ वक्ता पुरतो, आणि प्रत्येक संस्थेत कुणाचा तरी मेहुणा न्यू जर्सीत असतोच. तो सॉफ्टवेअरमध्ये असला तरी बिघडत नाही. 'बदलत्या जागतिक संदर्भात' अशी सुरुवात केली की कुठल्याही विषयावर अर्धा तास निघतो.

संयुक्त पेपरबद्दलही त्याच नियमावलीत सोय आहे. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. तिघांपासून पुढे मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्या प्रत्येकाला 30. म्हणजे माणसं वाढवावी तसे गुण वाढत जातात. 2015 मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो पेपर काढला त्याला 5154 लेखक होते, 33 पानांपैकी 24 पानं नावांची आणि संस्थांची. आपल्याकडचा त्यातला प्रत्येकजण किमान 30 टक्क्यांचा धनी. असा पंगतीचा पेपर इतिहासात अजून निघत नाही, याची खंत आहे.

परदेशी पाहुणा खरोखरच आला आणि त्याला आपल्या भागातली माहिती हवी असली, तर मदत करा. गावोगाव त्याला फिरवा, म्हाताऱ्यांशी बोला, मुलाखती उतरवून काढा, भाषांतर करा, गाडीत पेट्रोल घाला. तो परत गेल्यावर दीड वर्षाने पेपर येईल आणि आभारांच्या यादीत, हॉटेलच्या मॅनेजरनंतर, तुमचं नाव एक अक्षर चुकवून छापलेलं असेल. त्याची प्रिंट काढून फाईलला लावा. तो पुरावा असतो.

स्वतः तिकडे जायचं म्हणत असाल तर मनाची तयारी ठेवा. शेंगेन व्हिसाची (पोलंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) फी जून 2024 पासून 90 युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. सोबत हवं निमंत्रणपत्र, ज्यासाठी तिकडचे लोक विचारतात की रजा मंजूर झाली का. आणि रजेच्या अर्जाला हवा व्हिसा, कारण आस्थापनेतले भाऊसाहेब विचारतात की जाणार हे नक्की कशावरून? या दोन टेबलांच्या मध्ये उभं राहून मी अख्खा एक उन्हाळा काढला. परवानगी आली ती परिषद संपल्यावर नवव्या दिवशी. तीही 'संस्थेवर कोणताही आर्थिक बोजा न पडता' या अटीवर.

इथपर्यंत सगळं ठीक चालतं. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, मला ती भोवली आहे.

कोल्हापूरजवळ वळीवड्याला 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियाने सैबेरियाकडे हाकललेले, तिथून इराणमार्गे आलेले सुमारे 5000 लोक, बहुतेक बायका आणि मुलं. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. ते गेले, आणि फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर, जिथून अर्धा जिल्हा लग्नाचा बस्ता आणतो. महावीर उद्यानात पोलिशांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. आमच्या करारात यातलं काही नव्हतं. करार 'मूल्यशिक्षण आणि शाश्वत विकास' यावर होता.

पण करारावर सही झाल्यानंतर तिकडच्या विद्यापीठातल्या एका मुलीने मला ईमेल केला. ती माझ्यासारखीच, नवी, कंत्राटी. तिची आजी वळीवड्यात वाढलेली. एक फोटो जोडला होता: बराकीचा व्हरांडा, दोन वेण्यांच्या पोरी, मागे एक झाड. विचारलं होतं, ही जागा आता कशी दिसते?

मी तेव्हाच 'तुमचं पत्र करार विभागाकडे पाठवतो' असं लिहून मोकळं व्हायला हवं होतं. त्याऐवजी रविवारी मोटरसायकल काढली. दोन तास फिरून, एका दुकानदाराच्या वडिलांच्या मदतीने, जागा सापडली. तिथे आता साड्यांचं होलसेल दुकान आहे. काकांनी चहा पाजला आणि आपण लहानपणी पोलिशांच्या उरलेल्या बराकीतच राहिलो असं सांगितलं. त्यांचे दोन फोटो काढले, तिला पाठवले. तिने आजीला दाखवले, आजीने तीन नवे प्रश्न विचारले. मग काकांनी तिला दोन विचारले, कारण त्यांच्याकडे एक पितळी डबी होती, तिच्यावर कुठल्यातरी भाषेत काहीतरी कोरलेलं, आणि ते 60 वर्षांत कुणालाच वाचता आलं नव्हतं. असं करत करत दोन वर्षं झाली. मला आता पोलिश वर्णमाला येते. तिला 'बस्ता' हा शब्द येतो. आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या 41 मुलाखती आहेत, एकाच जागेतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन निर्वासित पिढ्यांच्या.

यंदा नॅकची माहिती भरताना मी हे आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमना सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं, म्हणाल्या, "सर, छानच आहे हो. पण उपक्रमाचा फोटो आहे का, बॅनरसहित?" नव्हता. बॅनर कुणाच्या दुकानावर लावणार? मग तो रकाना कोरा सोडला.

परवा तिचा नवा ईमेल आलाय. आजी विचारतेय, ते मागचं झाड कसलं होतं. फोटोत मला ते कडुनिंब वाटतं, काका म्हणतात चिंच. रविवारी बघून येतो. तुम्हाला कधी जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर लग्नाच्या खरेदीवाल्यांची गर्दी होते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.