खुलासा : सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलं, असं नाही

‘कोकणात २०२२ साली टॅग लावलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांचे सिग्नल बंद झाले, म्हणजे ती मेली,’ असा मेसेज फिरतोय. तसा निष्कर्ष काढता येत नाही. वेळासच्या ‘प्रथमा’सह ५ माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर, म्हणजे संदेश पाठवणारे हे टॅग, चिकटवले होते. कासव श्वास घ्यायला वर आलं, अँटेना पाण्याबाहेर निघाली, तरच उपग्रहाला संदेश पोचतो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जवळपास जातच नाहीत. पुढे बॅटरी संपते, अँटेना मोडते, सेन्सरवर शेवाळ चढतं, कधी अख्खा टॅगच गळून पडतो. जाळ्यात अडकून कासवं मरतात, हे खरंच. पण नुसता सिग्नल थांबल्यावरून ते कळत नाही.