‘ला’ की ‘मध्ये’: १९३७ च्या बास्क संघावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आधी चूक कबूल करतो. १९३७ मध्ये स्पेनमधल्या बास्क प्रदेशाचा फुटबॉल संघ परदेश दौऱ्यावर गेला होता; त्यावरच्या माझ्या लेखात ‘बास्क संघानं सोव्हिएत युनियनला हरवलं’ असं वाक्य गेलं होतं आणि तुम्ही त्यावर नेमकं बोट ठेवलंत. तिथे ‘ला’ नको, ‘मध्ये’ हवं. त्या दौऱ्यात सोव्हिएत राष्ट्रीय संघ बास्कांसमोर एकदाही उतरला नाही. उतरले ते क्लब आणि शहरांचे किंवा प्रजासत्ताकांचे निवडक संघ. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

पण त्या एका प्रत्ययावरून तुम्ही जिथवर जाता तिथवर मी येऊ शकत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिफाची मान्यता नाही म्हणजे तो संघच नव्हे; सोव्हिएत दौरा हा प्रचाराचा तमाशा होता, त्यामुळे त्यातल्या निकालांना किंमत नाही; गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले त्याच दिवशी पहिला सामना झाला ही नंतर रचलेली गोष्ट; आणि या परक्या भानगडीपेक्षा आपल्या संतोष ट्रॉफीवर लिहायला हवं होतं.

प्रचार होताच. बास्क सरकारचे अध्यक्ष जोसे आंतोनियो आगिरे यांनी हा संघ उभा केला तो स्पेनच्या यादवी युद्धात जगाचं लक्ष वेधायला आणि निर्वासितांसाठी पैसा गोळा करायला. आगिरे स्वतः अ‍ॅथलेटिक बिल्बाओकडून खेळलेले, त्यामुळे कुणाला निवडायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. संघातला लुईस रेगेरो स्पेनकडून २५ सामने खेळलेला होता. इसिद्रो लांगारा १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षं स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा होता. स्पेनसाठी १२ सामन्यांत त्याचे १७ गोल. आंखेल सुबिएता १९३६ मध्ये सतराव्या वर्षी स्पेनकडून खेळला, आणि त्याचा सर्वांत तरुण खेळाडूचा विक्रम २०२१ मध्ये ‘गावी’ नावाच्या खेळाडूनं मोडेपर्यंत टिकला. शिवाय सिलाउरेन, इरारागोरी, गोरोस्तिसा, मुगेर्सा, गोलरक्षक ब्लास्को. १९३४ च्या विश्वचषकात स्पेननं ब्राझीलला ३-१ हरवलं तेव्हा तिन्ही गोल इरारागोरी आणि लांगारा या दोघांचेच होते. प्रचारासाठी खेळायला आलेला संघ कच्चा असतो, असं कुठे आहे?

आता सोव्हिएत दौरा. २४ जूनला लोकोमोटिव्ह मॉस्कोवर ५-१. लोकोमोटिव्हनं आदल्याच वर्षी पहिला सोव्हिएत चषक जिंकला होता. २७ जूनला डायनामो मॉस्कोवर २-१, मग लेनिनग्राडच्या निवडक संघाशी २-२. ५ जुलैला पुन्हा डायनामो, या वेळी ७-४. ८ जुलैला स्पार्टाककडून २-६ असा एकमेव पराभव. त्यानंतर कीव्ह डायनामोवर ३-१, तिबिलिसी डायनामोवर २-०, जॉर्जियाच्या निवडक संघावर ३-१ आणि मिन्स्कमध्ये ६-१. एकूण ९ सामने: ७ जिंकले, १ बरोबरीत, १ हरले; गोल ३२ केले, १७ खाल्ले.

निकाल ठरवून घेतले असतील असा तुमचा सूर आहे. यजमानांना प्रचारच करायचा असता तर आपल्याच विजेत्या संघांचा असा धुव्वा त्यांनी राजधानीत का उडवू दिला असता? जिथे शंका घ्यायला खरंच जागा आहे तो सामना तुम्ही यादीत धरलाच नाहीत: स्पार्टाकचा. त्या दिवशी स्पार्टाकनं कीव्ह डायनामोचे श्चेगोत्स्की आणि शिलोव्स्की हे दोन खेळाडू उसने घेतले होते. पंचही स्पार्टाकच्याच गोटातला. मध्यंतराला २-२. उत्तरार्धात पंचानं स्पार्टाकला पेनल्टी दिली, बास्क खेळाडू भडकून मैदान सोडून गेले, मनधरणी करून त्यांना परत आणावं लागलं. त्यानंतर सामना एकतर्फी झाला. म्हणजे वशिल्याचा वास येतो तो बास्कांनी हरलेल्या सामन्याला, जिंकलेल्या सातांना नाही.

तरी त्या ६-२ मागे फक्त पंच नव्हता, आणि दौऱ्यातला शिकण्यासारखा भाग हाच आहे. सोव्हिएत संघ तेव्हा जुन्या २-३-५ रचनेत खेळत. मागे दोन बचावपटू, आणि मधला हाफ (त्यांच्या पुढच्या फळीतला मधला खेळाडू) मैदानभर फिरायला मोकळा. १९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आक्रमकानं किती पुढे उभं राहायचं याचा, नियम बदलला. आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे झाले. तेव्हापासून ही रचना उघडी पडत चालली होती, कारण सेंटर फॉरवर्डला (मधल्या आक्रमकाला) अगदी पुढे उभं राहता येऊ लागलं. बास्क नेमकं तेच करत. लांगारा आणि दोन्ही विंगर (कडेचे आक्रमक) पुढे, त्यांच्यामधले दोन्ही इनसाइड फॉरवर्ड थोडे मागे. वरून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यूचा आकार. विंगर कडेला चिकटून राहिले की त्यांच्यामागे दोन्ही बचावपटू बाहेर ओढले जायचे. मधला हाफ पुढे गेलेला असायचा. मग गोलसमोरची मधली पट्टी रिकामी आणि तिथे लांगारा एकटा. डायनामोवरचे सात गोल म्हणजे या एकाच दुखण्याची लक्षणं. स्पार्टाकनं यावर उपाय केला तो आंद्रेई स्तारोस्तिनला मधल्या हाफच्या जागेवरून मागे, दोन बचावपटूंच्या मध्ये आणण्याचा. हा तिसरा बचावपटू आल्यावर लांगाराला मोकळी जागा मिळेना. त्यानंतर सोव्हिएत क्लब एकामागून एक याच वाटेनं गेले.

इथे तुम्हाला अर्धा गुण देतो. ‘बास्कांनी सोव्हिएत फुटबॉल बदललं’ हे शीर्षक जरा फुगलेलं आहे. तिसऱ्या बचावपटूची कल्पना मॉस्कोला अगदीच नवी नव्हती. १ जानेवारी १९३६ ला मॉस्कोच्या क्लबांचा एकत्रित संघ पॅरिसमध्ये रेसिंग क्लबकडून १-२ असा हरला, तेव्हाच ती त्यांनी पाहिली होती. पण एक निसटता पराभव पचवता येतो. घरच्या प्रेक्षकांसमोर वारंवार होणारी धुलाई पचवता येत नाही. त्यामुळे ‘बदललं’ऐवजी ‘बदलायला भाग पाडलं’ म्हणेन. शीर्षक तसं केलं आहे. (गंमत म्हणजे बास्क संघाचा पहिला सामनाही याच रेसिंगशी होता आणि तो त्यांनी ३-० जिंकला, तिन्ही गोल लांगाराचे.)

तो सामना पॅरिसच्या पार्क दे प्रिन्समध्ये, २६ एप्रिल १९३७ ला झाला. गेर्निकावर हल्ला झाला तो त्याच सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी. तारखा जुळतात यात कुणाचीच करामत नाही. दंतकथा वाटावी असा भाग वेगळा आहे: खेळाडू गेर्निकाचं दुःख गिळून मैदानात उतरले, असं काही ठिकाणी रंगवून लिहिलं जातं. माझ्या लेखात ते वाक्य नव्हतं. एकाच दिवशी शेकडो किलोमीटरवर घडलेल्या दोन घटनांमध्ये कार्यकारणभाव ओढूनताणून आणू नये, इथपर्यंत आपलं एकमत आहे. बिल्बाओ हे बास्क शहर फ्रँकोच्या बंडखोर सैन्याच्या हाती पडलं १९ जूनला, म्हणजे लोकोमोटिव्हच्या सामन्याआधी पाच दिवस. ती बातमी मात्र संघाला सोव्हिएत भूमीवर असताना कळली, आणि त्याचा परिणाम दिसतो: गोरोस्तिसासारखे काही जण नंतर संघ सोडून मायदेशी परतले, तेही फ्रँकोच्या बाजूला. तुम्ही म्हणता तसा हा एकजिनसी वीरांचा जथा नव्हता, आणि मीही तसं म्हटलेलं नाही.

फिफाबद्दल. त्या वेळी फिफानं आपल्या सदस्यांना या संघाशी खेळायला मनाई केली, आणि त्यामुळेच अर्जेंटिनातले सामने बारगळले. उरला मेक्सिको. तिथे संघ १९३८-३९ च्या लीगमध्ये ‘क्लब देपोर्तिव्हो एउस्कादी’ म्हणून शिरला आणि अस्तुरियास या क्लबच्या मागे दुसरा आला. म्हणजे एक प्रातिनिधिक संघ जगण्यासाठी क्लब झाला. १९३९ मध्ये तो विखुरला. लांगारा ब्यूनोस आयर्सच्या सान लोरेन्सो क्लबात गेला आणि पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटविरुद्ध चार गोल ठोकून मोकळा झाला.

या मेक्सिकोच्या हंगामामुळेच आकडेवारीचा घोळ होतो. तुम्ही दिलेली ‘एकूण सामने’ ही संख्या माझ्या संख्येशी जुळत नाही, त्याचं कारण हे: तुमच्या यादीत लीगचे सामने धरले आहेत, माझ्यात नाहीत. अशा संघाचा हिशेब करताना प्रत्येक सामना चारपैकी एका खणात टाकावा लागतो: समोर देशाचा संघ, प्रदेशाचा किंवा शहराचा निवडक संघ, क्लब, किंवा लीगमधला सामना. खण मिसळले की सगळं बिघडतं. तिबिलिसी डायनामो आणि जॉर्जिया ही दोन वेगळी नावं आहेत आणि सामने दोन दिवसांच्या अंतरानं झाले, म्हणून काही याद्यांत एकच धरला जातो, तर काहींत जॉर्जिया ‘देश’ म्हणून मोजला जातो. दुसरा सापळा वृत्तपत्राच्या तारखेचा. बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि तीच सामन्याची तारीख म्हणून नोंदली जाते. मग एकच सामना दोनदा दिसतो. तिसरा नावांचा. रशियनमधून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेली नावं एका माणसाची दोन माणसं करतात.

आजची स्थिती. फिफाच्या नियमानुसार स्वतंत्र देश नसलेल्या प्रदेशाला सदस्यत्व हवं असेल तर तो ज्या देशात आहे त्या देशाच्या महासंघाची परवानगी लागते. फॅरो बेटं १९८८ मध्ये सदस्य झाली, कारण डेन्मार्कनं आडकाठी केली नाही. बास्कांना परवानगी माद्रिदहून, म्हणजे स्पेनच्या महासंघाकडून हवी, आणि ती मिळत नाही. त्यामुळे १६ ऑगस्ट १९७९ ला बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर आयर्लंडला ४-१ हरवून संघ चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला तो मैत्रीपूर्ण सामन्यांपुरताच. सदस्य महासंघानं बोलावलं तर क्लबला आंतरराष्ट्रीय सुट्टीत खेळाडू सोडावाच लागतो; हे बंधन बास्क संघाच्या बोलावण्याला लागू नाही. क्लब नाही म्हणाला की विषय संपला. म्हणून वर्षानुवर्षं सामने नाताळच्या सुट्टीत, लीग बंद असताना घेतले गेले. सराव जेमतेम, बदली खेळाडूंची रांग, कुणालाच दुखापतीचा धोका पत्करायचा नसतो. अलीकडे सामना आंतरराष्ट्रीय सुट्टीत घेतात, जसा मार्च २०२४ मध्ये उरुग्वेशी झाला, १-१. पण मग स्पेननं बोलावलेले खेळाडू मिळत नाहीत. २०२४ च्या युरो अंतिम सामन्यातले स्पेनचे दोन्ही गोल केले ते निको विल्यम्स आणि ओयार्साबाल यांनी, आणि हे दोघंही बास्क संघात बसणारे.

भांडण फक्त बाहेरच्यांशी आहे असंही नाही. २००८ मध्ये खेळाडूंनी ‘एउस्कादी’ नको, ‘एउस्काल हेर्रिया’ हेच नाव हवं असा आग्रह धरला आणि इराणशी ठरलेला सामना रद्द झाला. पहिल्या नावाचा रूढ अर्थ तीन प्रांतांचा स्वायत्त प्रदेश. दुसऱ्यात नावार्रा आणि फ्रान्समधले तीन प्रांतही येतात. १९९८ चा विश्वविजेता लिझाराझू हा फ्रान्सच्या बाजूचा बास्क, आणि तोही या संघाकडून खेळला आहे.

राहिली संतोष ट्रॉफी. तुमची तुलना इथेच फसते. महाराष्ट्र किंवा गोवा हे अखिल भारतीय महासंघाच्या शिडीवरच्या पायऱ्या आहेत. तिथे चमकलेला खेळाडू वर भारताकडे जातो. त्या स्पर्धेत तर रेल्वे आणि सेनादल हेही ‘प्रांत’ म्हणून खेळतात आणि जिंकतात. १९३७ च्या बास्क संघाच्या वर पायरीच नव्हती. पण विषय लिहिण्यासारखा आहे हे मान्य. १९५४ चं मुंबईचं विजेतेपद, १९६३-६४ मध्ये मद्रासला आंध्रवर महाराष्ट्राचा १-० विजय, १९८२-८३ मध्ये गोवा आणि बंगालला वाटून मिळालेला चषक, १९९९-२००० मध्ये त्रिशूरला केरळला त्यांच्याच अंगणात ३-२ हरवणारा महाराष्ट्र. पुढचा लेख त्यावरच घेतो. तुमच्याकडे त्या सामन्यांच्या संघयाद्या असतील तर खाली टाका, फक्त वृत्तपत्राची तारीख आणि सामन्याची तारीख वेगवेगळी लिहा.