रिपोर्ट नॉर्मल आला? खचू नका

आपल्याला काहीतरी आजार आहेच, अशी खात्री बाळगणाऱ्यांच्या पंथात यायचं असेल, तर पहिली खरेदी बीपीच्या मशीनची. थर्मामीटर घरात असतोच, ऑक्सिमीटर कोरोनाच्या वेळचा कपाटात पडलेला असेल, त्याचे सेल तेवढे बदला. बीपीचं मशीन मात्र स्वतःचं हवं. सासऱ्यांचं उसनं आणून भागत नाही, कारण तुम्हाला ते रात्री दोनला लागतं आणि तेव्हा ते त्यांच्या उशाशी असतं.

मशीनच्या खोक्यात एक कागद येतो. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवा, अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, लघवीला जाऊन या, मोजताना बोलू नका, असलं काहीबाही त्यात लिहिलेलं असतं. हा कागद आधी फाडा. त्याबरहुकूम वागलात तर ११८/७६ येईल आणि अख्खा दिवस वाया जाईल. त्यापेक्षा जिना चढून या, मांडीवर मांडी टाका, पट्टा बाहीवरूनच गुंडाळा, हात लोंबता सोडा आणि पट्टा फुगत असताना घरातल्यांना विचारा, "किती दिसतंय?" तुंबलेली लघवी, बोलणं, लोंबता हात, यांतली एकेक गोष्ट पाच-दहा आकडे सहज वर नेते. दंड जाड आणि पट्टा आखूड असेल तर सोन्याहून पिवळं. १४८ आला की श्वास न घेता पुन्हा मोजा. तो १४८ पाहून सुटलेली धडधड आता १५६ दाखवेल. मग तिसऱ्यांदा. इथून पुढे शिकवणी लागत नाही.

थर्मामीटरची वेळ संध्याकाळी पाच-साडेपाचची, गरम चहानंतर लगेच. माणसाचं तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, जवळजवळ एक अंश फॅरनहाइटचा फरक पडतो, आणि चहाने तोंड तापलेलं असतं ते वेगळं. ९९.४ दिसेल. याला ताप म्हणता येत नाही, हे डॉक्टर सांगतील. तुम्ही म्हणा, "कसर आहे." मराठीत कसर आणि कणकण असे दोन शब्द आहेत आणि दोन्ही कुठल्याच यंत्रात मोजता येत नाहीत. पूर्वजांचे उपकार.

आता गाठ शोधू. जबड्याच्या कोनाखाली बोटं फिरवली की वाटाण्याहून लहान, सुळकन सरकणारं काहीतरी हाताला लागतं. बहुतेकांना लागतं. त्या लसिका ग्रंथी असतात आणि आधीच्या सर्दीनंतर काही आठवडे तशा राहू शकतात. तिला दिवसातून चाळीस वेळा दाबा. संध्याकाळपर्यंत ती दुखू लागेल. काल दुखत नव्हती, आज दुखतेय, म्हणजे वाढतेय! मानेत काही मिळालं नाही तर छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बरगड्या जिथे मिळतात तिथे, पोटाच्या वरच्या अंगाला चाचपा. एक कडक टोक लागेल. ते हाडाचंच टोक आहे, त्याला झायफॉइड म्हणतात, जन्मापासून तिथे आहे. पण तुम्हाला ते आज सापडलं. आरशात जीभ पूर्ण बाहेर काढून मागे पाहिलंत तर इंग्रजी व्हीच्या आकारात आठ-दहा मोठे फोड दिसतील. ते सगळ्यांनाच असतात. सगळे पाहत नाहीत, हा त्यांचा निष्काळजीपणा.

काहीच मिळेना तर स्वयंपाकघरात जा. बीटाची कोशिंबीर दोन वाट्या खाल्ली की काहींची लघवी लालसर होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती हळदीसारखी पिवळीजर्द होते, लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. गोळी घेतली होती हे मात्र कुणाला सांगायचं नाही, स्वतःला तर अजिबात नाही.

खरी मजा फुल बॉडी चेकअपमध्ये. हजार-दीड हजारात साठ-सत्तर चाचण्या, घरी येऊन रक्त नेतात. सत्तर चाचण्या म्हणजे सत्तर आजारांचा शोध नव्हे. एकट्या सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचेच, वीसेक आकडे मोजतात आणि कोलेस्टेरॉलला कोलेस्टेरॉलने भागून आलेला आकडाही वेगळी चाचणी धरतात. तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? तुमचं भांडवल शेजारच्या कॉलममध्ये आहे. नॉर्मलची हद्द आखायची रीतच अशी, की धडधाकट माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे आत घ्यायचे आणि उरलेले पाच टक्के बाहेर ठेवायचे. म्हणजे तब्येत ठणठणीत असली तरी एका चाचणीत बाहेर पडायची शक्यता वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या करा, निदान एक तरी ठळक अक्षरांत यायची शक्यता ६४ टक्के होते. साठ करा, ९५ टक्के. लॉटरीत इतकी खात्री कोण देतं?

ही शक्यता वाढवताही येते. आदल्या दिवशी जिममध्ये जोर-बैठका भरपूर काढा, एसजीओटी हा यकृताच्या तपासणीतला आकडा चढेल. रक्त काढताना मूठ जोरजोरात उघडझाप करा, पोटॅशियम चढेल. केस गळतात म्हणून बायोटिनची मोठी गोळी चालू असेल तर ती बंद करू नका आणि लॅबलाही कळवू नका. काही मशीनवर ती थायरॉइडचे आकडे असे फिरवते की न झालेला थायरॉइड झालेला दिसतो. आणि एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्या. शंभरात चार-पाच जणांना गिल्बर्ट नावाची जन्मजात, निरुपद्रवी ठेवण असते. त्यांचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं रक्तातलं पिवळं द्रव्य, उपासाने वाढतं. कावीळ! साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर मात्र उपास पुरेसा कडक होणार नाही, हे ध्यानात असू द्या.

सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी "क्लिनिकली कोरिलेट करा" असं एक वाक्य असतं. जवळजवळ सगळ्यांच्याच असतं. म्हणजे पेशंटला तपासून याचा अर्थ लावा, एवढंच. तुम्ही तो इशारा समजा. "राइट हायपोकॉन्ड्रियम" असं कुठे दिसलं तर मात्र चिडू नका. तो टोमणा नाही. उजव्या बरगड्यांच्या खालच्या जागेचं नाव आहे आणि आपल्या पंथाचं, म्हणजे हायपोकॉन्ड्रियाकांचं, नावही त्याच ग्रीक शब्दावरून पडलं. तेही आता राहिलं नाही म्हणा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या यादीतून हायपोकॉन्ड्रियासिस काढून टाकला आणि त्याचे दोन वेगळे विकार केले. उभ्या आयुष्यात एक आजार खरा निघाला होता, तोही रद्द.

सगळंच नॉर्मल आलं तर? पहिल्या दिवशी हायसं वाटेल, ते वाटू द्या, तीन-चार दिवसांत ओसरतं. मग लॅबच चुकली, नमुना बदलला, किंवा "इतक्या लवकर रिपोर्टमध्ये येत नाही" यांपैकी एक निवडा. तिसरं सर्वात टिकाऊ. ते खोडता येत नाही.

घरच्यांसाठी थोडं. दर वेळी विचारलं की दर वेळी उत्तर द्या. "अगं आई, काही नाही झालेलं तुला" हे सकाळी नऊला सांगितलं तर साधारण अकरापर्यंत पुरतं, मग पुन्हा सांगावं लागतं, आणि आठवडाभराने दहापर्यंतच पुरतं. मात्रा वाढवत न्या. नाडी तुम्हीही धरून बघा, गाठ तुम्हीही दाबा. "एकदा उत्तर दिलंय, आता चल, भाजी आणायला जाऊ" असं म्हणणारी सून घरात असेल तर तिला आवरा. ती सगळं बिघडवेल.

पंथात एक दुसरी शाखाही आहे. ती डॉक्टरकडे जातच नाही. लॅबच्या गल्लीतून जाणं टाळते, मेलवर आलेला रिपोर्ट उघडत नाही, पेपरात आजाराची बातमी आली की पान उलटते. खर्च शून्य, झोप तेवढीच उडते. पण सांगायला कुणी भेटत नाही, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

जपायचं ते एकाच प्रकारच्या डॉक्टरपासून. बाकीचे दोन तऱ्हांचे असतात. पहिले आणखी एक चाचणी लिहून देतात, दुसरे "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून हाकलतात आणि तुम्ही तिसऱ्याकडे जाता. दोन्ही सोयीचे. हा मात्र म्हणतो, "दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी या. दुखत असलं तरी या, नसलं तरी या. मधे काही वाटलं तर वहीत लिहून ठेवा." प्रत्येक वेळी हात लावून तपासतो, गरज असेल तरच चाचणी लिहितो. जोडीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. ते गृहपाठ देतात: दिवसाला चाळीस वेळा नाडी बघता, या आठवड्यात वीस वेळा बघा, गूगल करावंसं वाटलं की पंधरा मिनिटं थांबा. पंधरा मिनिटांत दूध उतू जातं, दाराची बेल वाजते, आणि काय शोधायचं होतं ते आठवत नाही.

चौथ्या-पाचव्या मंगळवारी वहीत दोनच ओळी असतात आणि त्याही मागच्या आठवड्यातल्या. वाचून झाल्यावर दहा मिनिटं उरतात. तेव्हा डॉक्टरांच्या मानेला पट्टा असल्याचं तुमच्या लक्षात येतं, आणि तो कधीपासून आहे म्हणून तुम्ही विचारता. ते म्हणतात, "जानेवारीपासून."